कालवा शेजारीच असताना खोकी आगगाडीने कशाला?

खारे_शेंगदाणे (धागाकर्ता)

मंडळी, लेकीच्या भूगोलाच्या ॲटलासमध्ये पनामाचा नकाशा होता. कालव्याची निळी रेघ आणि तिला चिकटून रेल्वेची काळी-पांढरी रेघ. तिने विचारलं, "बाबा, बोटी जातायत ना तिथून? मग रेल्वे कशाला?" मी ठोकून दिलं, पर्यटकांसाठी असेल. मग रात्री झोप येईना म्हणून वाचायला बसलो आणि चार रात्री त्यातच गेल्या.

पहिला धक्का म्हणजे रेल्वे कालव्याच्या कितीतरी आधीची आहे. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि १८४९ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची माणसं तिकडे धावत सुटली. जमिनीवरून मधे अख्खा खंड आडवा, समुद्राने जायचं तर केप हॉर्नला वळसा. त्यापेक्षा पनामापर्यंत बोट, मग चिंचोळी पट्टी ओलांडायची आणि पलीकडे दुसरी बोट. ही पट्टी लोक होडीने आणि खेचरावर बसून पार करत. १८५० मध्ये रेल्वेचं काम सुरू झालं आणि २८ जानेवारी १८५५ ला पहिली गाडी अटलांटिकवरून पॅसिफिकला पोचली. लांबी फक्त ७६ किलोमीटर. मुंबईहून वाशिंदपर्यंतही जवळपास इतकंच अंतर भरेल. तिकीट होतं २५ डॉलर, तेही सोन्यात!

या ७६ किलोमीटरसाठी हिवताप, कॉलरा आणि पीतज्वराने किती मजूर मेले याची नोंदच नीट ठेवली गेली नाही. अंदाज पाच ते दहा हजारांचा आहे. 'प्रत्येक स्लीपरखाली एक मजूर' अशी दंतकथा आहे, पण हिशेब केला तर ती टिकत नाही. ७६ किलोमीटरला लाखाच्या वर स्लीपर लागतात. खरा आकडाही अंगावर येण्याइतका मोठा आहेच, तो फुगवायची गरज नव्हती.

पुढे कालवा खणताना हीच रेल्वे कामाला आली. १९०५ मध्ये जॉन स्टीव्हन्स नावाचा रेल्वेवाला इंजिनिअर मुख्य म्हणून आला. त्याने ओळखलं की प्रश्न खणण्याचा नाही, खणलेली माती वाहून न्यायचा आहे. कालव्यासाठी गातून तलाव भरला तेव्हा जुना मार्ग पाण्याखाली गेला आणि रूळ वरच्या अंगाने नव्याने टाकले. १५ ऑगस्ट १९१४ ला कालवा सुरू झाला आणि रेल्वेचे दिवस फिरले. नव्वदच्या दशकापर्यंत तर ती गंजून पडल्यातच जमा होती.

आता खरी गंमत. १९९८ मध्ये कॅन्सस सिटी सदर्न या अमेरिकन रेल्वे कंपनीने एक भागीदार घेऊन ती चालवायला घेतली. जुना ५ फुटी गेज (दोन रुळांमधलं अंतर) उखडून साडेआठ इंच चार फुटी स्टँडर्ड गेज टाकला आणि २००१ पासून त्यावर दोन मजली कंटेनरगाड्या धावू लागल्या. २०२५ मध्ये ती विकत घेतली कुणी? मर्स्कच्या बंदर कंपनीने! म्हणजे ज्यांची जहाजं शेजारच्या कालव्यातून जातात, त्यांनीच.

तर प्रश्न लेकीचाच आहे. जहाजातून खोका (म्हणजे कंटेनर) उतरवा, गाडीत चढवा, तासाभराने उतरवा, पुन्हा जहाजात चढवा. शेजारून अख्खं जहाज जात असताना हा उपद्व्याप कुणाला परवडतो? दर्यावर्दी आणि रेल्वेवेड्या सभासदांनी प्रकाश टाकावा.

कुचकट_काका

"साडेआठ इंच चार फुटी" वाचून डोकं गरगरलं. चार फूट साडेआठ इंच म्हणा की राव. बाकी लेख झकास.

खारे_शेंगदाणे

घाईत उलटं झालं काका. १४३५ मिमी म्हणतो, वाद मिटला.

डेकवरून

बावीस वर्षं बोटीवर काढली. पनामातून किती वेळा गेलो ते मोजणं सोडलंय. प्रश्न मस्त आहे, कारण त्यात एक गृहीतक लपलंय. खोका आणि जहाज दोघांनाही एकाच ठिकाणी जायचंय, असं तुम्ही धरून चाललाय.

कंटेनर जहाज टॅक्सी नसतं, एसटी असते. ठरलेला मार्ग, ठरलेले थांबे. आता पुण्याचं उदाहरण घ्या. कोल्हापूरची गाडी स्वारगेटला येते, नाशिकची शिवाजीनगरहून सुटते. कोल्हापूरहून नाशिकला जाणारे गाडीत सातच प्रवासी असतील, तर त्यांच्यासाठी एसटी अख्खी गाडी नाशिकला नेत नाही. ते सात जण स्वारगेटला उतरतात, सिटी बसने शिवाजीनगरला जातात आणि तिथली गाडी पकडतात.

पॅसिफिकच्या बाजूचं बाल्बोआ बंदर म्हणजे स्वारगेट. अटलांटिकच्या बाजूला कोलोनजवळ क्रिस्तोबाल आणि मान्सानियो ही बंदरं, ते शिवाजीनगर. पनामा रेल्वे ही मधली सिटी बस. चीनहून आलेलं जहाज बाल्बोआला काही खोकी टाकतं आणि पेरू-चिलीच्या दिशेला निघून जातं. त्या खोक्यांना जायचं असतं कॅरिबियन बेटांवर किंवा व्हेनेझुएलाला. त्यासाठी कुणी कालव्याचा भरमसाट टोल भरून जहाज पलीकडे नेणार नाही. खोकी गाडीत बसतात आणि पलीकडचं छोटं फीडर जहाज पकडतात.

म्हणून ही रेल्वे कालव्याची सवत वगैरे नाही. ती कालव्याला उरलेलं काम करते.

पेठेतला_गणू

शिवाजीनगर स्टँड वाकडेवाडीला गेलं त्याला वर्षं झाली. बोटीवरच्या माणसाला कुणीतरी सांगा.

डेकवरून

बघा, म्हणजे मधल्या सिटी बसचं महत्त्व आणखी वाढलं!

उरणकर

डेकवरूनदादांचं एकदम पटलं. मी न्हावा शेव्याला यार्डात काम करतो, तर आमच्या बाजूने दोन शब्द.

बाहेरच्या माणसाला वाटतं खर्च किलोमीटरचा. आमच्या धंद्यात खर्च लिफ्टचा. क्रेनने खोका एकदा उचलून ठेवला की एक लिफ्ट, आणि प्रत्येक लिफ्टला बिल. सरळ कालव्यातून गेलेल्या खोक्याला मधे एकही लिफ्ट नाही. रेल्वेने गेला तर बाल्बोआला जहाजातून यार्डात एक, यार्डातून गाडीत दुसरी. पलीकडे गाडीतून यार्डात तिसरी, यार्डातून जहाजात चौथी. यार्डात खोका दुसऱ्याच्या खाली दबला असेल तर वरचे हलवायच्या लिफ्टा वेगळ्या, त्यांचे पैसे कुणी देत नाही. शिवाय प्रत्येक वेळी ट्विस्टलॉक (खोका जागेवर घट्ट धरणारी कुलपं) काढा-लावा, सील तपासा, नंबर टिपा. गाडी तासात पलीकडे जाते हो, पण खोका दोन्ही टोकांना मिळून किती दिवस पडेल ते पुढच्या जहाजावर.

त्यामुळे गाडी कितीही वेगात पळवली तरी त्याने फार काही वाचत नाही.

डाळिंबवाला_सांगोला

पडून राहण्याचं दुखणं आम्हाला विचारा. दोन वर्षांपूर्वी आमचा डाळिंबाचा रीफर (विजेवर थंड राहणारा खोका) एका मधल्या बंदरात अकरा दिवस अडकला. पुढचं जहाज भरलं म्हणून सोडलं नाही, त्याच्या पुढचं उशिरा आलं. लाइनवाले, म्हणजे जहाज कंपनीवाले, म्हणायचे बंदराला विचारा, बंदरवाले म्हणायचे लाइनला विचारा. प्लग चालू होता म्हणून माल कुजला नाही, पण तिथे पोचेपर्यंत भाव पडला होता. नाव घेत नाही, अजून त्यांच्याकडूनच माल जातो.

एक शंका. त्या गाडीत रीफरला वीज कशी देतात?

उरणकर

आपल्याकडे लांबच्या रेल्वे प्रवासात रीफरसोबत जनरेटर लागतो. पण आधी नीट थंड केलेला भरलेला खोका तास-दोन तास प्लगशिवाय सहज तग धरतो. ७६ किलोमीटरला त्याची फिकीर नाही. फिकीर यार्डात. तिथे रिकामं सॉकेट मिळालं पाहिजे.

मीनाक्षी_ठाणे

पण मध्यंतरी तिथे दुष्काळ पडला होता ना? समुद्राच्या कालव्याला दुष्काळ कसा, हे मला तेव्हापासून कळलेलं नाही.

डेकवरून

मीनाक्षीताई, तो समुद्राच्या पाण्याचा कालवा नाहीच. मधला गातून तलाव समुद्रसपाटीपासून २६ मीटर उंच आहे. लॉकच्या, म्हणजे दारं असलेल्या पाण्याच्या हौदांच्या, पायऱ्यांनी जहाज वर चढवतात, तलावातून चालवतात आणि पलीकडे उतरवतात. लॉक भरतात ते तलावाच्या गोड्या पाण्याने. एक जहाज गेलं की सुमारे २० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात. तेच पाणी पनामा सिटीच्या नळालाही जातं. पावसाने दगा दिला की कालवा अडलाच.

२०२३ मध्ये तेच झालं. एरवी रोज ३६ जहाजं सोडायचे, ती वर्षअखेरीपर्यंत २२-२४ वर आणली. मोठ्या लॉकमधून ५० फूट डुबीची (म्हणजे पाण्याखाली तेवढी बुडणारी) जहाजं जायची, तिथे ४४ फुटांची अट घातली. सहा फूट म्हणजे हजारो टन माल. त्या ऑगस्टमध्ये 'एव्हर मॅक्स' नावाचं १७ हजारांवर टीईयूचं (एक टीईयू म्हणजे २० फुटी एक खोका) जहाज कालव्यातून गेलं. तोवर इतक्या क्षमतेचं जहाज तिथून गेलं नव्हतं. त्याने काय केलं? बाल्बोआला सुमारे १४०० खोकी उतरवली, हलकं होऊन कालवा पार केला आणि रेल्वेने पुढे गेलेली आपली खोकी पलीकडे परत घेतली.

घाटात गाडी चढेना की कंडक्टर म्हणतो, "चार जण खाली उतरा, वर चालत या." अगदी तसं.

खारे_शेंगदाणे

हे वाचून आठवलं. जानेवारी २०२४ मध्ये मर्स्कने ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून अमेरिकेला जाणारी त्यांची एक सेवा कालव्यातून काढलीच होती. पॅसिफिकची जहाजं बाल्बोआला यायची आणि तिथूनच मागे फिरायची, अटलांटिकची मान्सानियोहून. मधला दुवा रेल्वे. पाऊस आल्यावर त्याच वर्षी ती परत कालव्यातून जाऊ लागली. म्हणजे गरज सरो?

डेकवरून

गरज सरो म्हणा हवं तर. पण वर्षभराने रेल्वेच विकत घेतली, म्हणजे वैद्य मेला नाही. त्याला घरीच ठेवून घेतला.

नागपुरी_संत्रा

सगळे पनामाचंच कौतुक करून राहिले. मेक्सिकोकडे पाहा ना. तेवांतेपेकच्या पट्टीवर त्यांनी जुनी रेल्वे नवीन करून टाकली. पॅसिफिकवर सालिना क्रूझ, अटलांटिकच्या अंगाला मेक्सिकोच्या आखातावर कोआत्साकोआल्कोस, मधे ३०० किलोमीटर. प्रकल्प नौदलाच्या हातात आहे आणि डिसेंबर २०२३ मध्ये प्रवासी गाडीही सुरू झाली. पाण्याचा प्रश्न नाही, अमेरिका पनामापेक्षा जवळ. माझ्या मते वीस वर्षांत पनामाचं दुकान बंद.

डेकवरून

नागपूरकर, चला हिशेब मांडू. १० हजार टीईयूचं एक जहाज धरा, आजच्या मानाने मध्यमच. म्हणजे ४० फुटी ५ हजार खोकी. एक क्रेन तासाला ३० खोकी काढते, पाच क्रेन लावल्या तर १५०. जहाज रिकामं व्हायलाच ३३ तास. पलीकडच्या जहाजात भरायला आणखी तेवढेच. तेच जहाज कालव्यातून आठ-दहा तासांत पार होतं. रांगेची वाट वेगळी.

आता गाड्या. आपल्याकडची एक रेक, म्हणजे एक अख्खी मालगाडी, ४५ वॅगनची, एकमजली ९० टीईयू. म्हणजे एका जहाजाला १११ रेका. दोन मजली केल्या तरी ५६. हे झालं एका जहाजाचं, एका दिशेचं. पनामाच्या मोठ्या लॉकमधून बरे दिवस असताना आठ-दहा मोठी जहाजं रोज जातात, त्यांतली बरीच अशी. तीनशे किलोमीटरच्या मार्गावर रोज इतक्या गाड्या? शिवाय दोन किनाऱ्यांवर कंपनीची दोन वेगळी जहाजं हवीत, आणि ती एकमेकांची वाट बघत उभी.

इतिहासाचा_किडा

मेक्सिकोच्या या प्रयोगाचा पूर्वावतारही आहे. त्याच पट्टीवरची रेल्वे मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष पोर्फिरिओ दियासच्या काळात वीटमन पिअर्सन या ब्रिटिश कंत्राटदाराने नव्याने बांधून जानेवारी १९०७ मध्ये चालू केली. पहिला माल हवाईची साखर. कंटेनर नव्हते, सगळी पोती. एका बोटीतून गाडीत, गाडीतून दुसऱ्या बोटीत. तरीही सात वर्षं धंदा जोरात चालला, कारण पलीकडे पर्याय केप हॉर्नचा होता. १९१४ मध्ये पनामा उघडला आणि साखर तिकडे वळली.

त्याच्याही आधी जेम्स ईड्स या अमेरिकन इंजिनिअरची कल्पना होती की खोकी-पोती काढायचीच कशाला, अख्खं जहाजच रुळांवर चढवून तेवांतेपेक पार करायचं! कित्येक समांतर रुळांवरचा प्रचंड पाळणा आणि त्यात जहाज. हा गृहस्थ वेडा नव्हता, सेंट लुईसला मिसिसिपीवर बांधलेला त्याचा पूल अजून उभा आहे. १८८७ मध्ये तो वारला आणि कल्पनाही गेली. उरणकर, यात लिफ्ट किती?

उरणकर

दोन. पण क्रेन कसली लागेल ते देवाला ठाऊक.

घाटमाथा

रेल्वेवेड्याची हजेरी! खोकी उंच रचण्याबद्दल थोडं. अमेरिकेत खोलगट वॅगन असते, म्हणजे खालचा खोका चाकांच्या मधे खाली बसतो आणि दोन मजली गाडीची उंची ६.१५ मीटरवर थांबते. १९८४ पासून अमेरिकन प्रेसिडेंट लाइन्सने लॉस एंजेलिस ते शिकागो अशा नियमित गाड्या सुरू केल्या आणि पनामाचा बराच माल जमिनीवर आला. तिथे लँडब्रिज (समुद्राऐवजी जमिनीवरून माल नेणं) चालतो, कारण खोक्यांना मुळात मधल्या शहरांतच जायचं असतं. शिकागोला समुद्र नाही, त्यामुळे परत जहाजात चढवायच्या लिफ्टा वाचतात. पनामात मधे शिकागो नाही, फक्त जंगल आहे. अर्थात त्यांचीही गोची होते. २०२१ च्या शेवटी लॉस एंजेलिस-लाँग बीचबाहेर शंभरावर जहाजं ताटकळत होती तेव्हा गाड्या कितीही असून काय उपयोग?

आपला गेज १६७६ मिमी, त्यामुळे आपण सपाट वॅगनवरच दोन मजले चढवतो. मग उंची ७ मीटरच्या घरात जाते. म्हणून पश्चिम मालवाहू मार्गिकेवर विजेची तार साडेसात मीटरच्या आसपास उंच टाकली. २०२१ च्या जानेवारीत तिथून दीड किलोमीटर लांबीची दोन मजली गाडी विजेवर सोडली होती. तारेखालून अशी उंच गाडी चालवणं जगात दुर्मीळ.

मीनाक्षी_ठाणे

मग मुंबई-चेन्नई असा आपला 'कोरडा कालवा' का नाही? श्रीलंकेला वळसा वाचेल की.

घाटमाथा

ताई, आधी घाट. भोर घाटाचा चढ ३७ ला १. कर्जतला मागून बँकर इंजिनं लावल्याशिवाय गाडी लोणावळ्याला पोचत नाही. लोणावळा ६०० मीटरच्या वर, पनामाचा सगळ्यात उंच भाग शंभर मीटरच्याही आत. बोगद्यांतून दोन मजली गाडी जाणार नाही. आणि अंतर जवळपास १३०० किलोमीटर. जहाज वळसा घालून कोलंबोला थांबतं ते काही नाइलाजाने नाही, तिथे त्याला खोकी बदलायचीच असतात. आता केरळचं विळिंजम बंदरही त्याच रांगेत उतरलंय. शिवाय आपल्याकडे दोन महासागर कुठे, एकाच हिंदी महासागराचे दोन हात.

कोलोनची_वहिनी

हा धागा बघून लॉगिन केलं. नवरा कोलोनच्या फ्री झोनमध्ये (करमुक्त व्यापारपेठेत) एका सिंधी व्यापाऱ्याकडे हिशेब बघतो. हा फ्री झोन १९४८ चा. भारतीय दुकानदार इथे भरपूर आहेत, बहुतेक सिंधी. कपडे, इलेक्ट्रॉनिक्स, सेंट, सगळं आशियातून येतं आणि इथून लॅटिन अमेरिकेत जातं. यातला बराच माल पॅसिफिकला उतरून त्याच रेल्वेने येतो. म्हणजे घाटमाथांचं शिकागो इथेही आहे, फक्त कोलोनएवढं.

मी त्या गाडीने गेलेय. एक प्रवासी गाडी सकाळी पनामा सिटीहून यायची आणि संध्याकाळी परत जायची. काचेच्या छताचा डबा होता. तासाभराचा प्रवास, अर्धा वेळ दोन्ही बाजूंना गातूनचं पाणी आणि त्यात बुडालेल्या जुन्या झाडांचे शेंडे. क्रॉसिंगला थांबलो तेव्हा शेजारून दोन मजली मालगाडी गेली, तिच्या आवाजात मुलगा रडायला लागला.

धागाकर्त्यांच्या लेकीला एक कोडं द्या. अटलांटिकहून पॅसिफिककडे जाणारी ही गाडी कुठल्या दिशेला जाते? सगळे पश्चिम म्हणतात. खरं तर आग्नेयेला. पट्टी आडवी वळलेली आहे. पनामा सिटीत सूर्य पॅसिफिकमधून उगवतो.

खारे_शेंगदाणे

वहिनी, कोडं घातलं. तिने "पश्चिम" म्हटलं आणि नकाशा बघून माझ्यावरच चिडली.

नागपुरी_संत्रा

हिशेब मान्य, खोक्यांपुरता. पण २०२५ मध्ये ह्युंदाईने कोरियाहून ९०० मोटारी सालिना क्रूझला उतरवल्या, रेल्वेने पलीकडे नेल्या आणि तिथून जहाजाने अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला पाठवल्या. मोटारीला क्रेन लागत नाही भाऊ. चाकं आहेत, आपापल्या उतरतात. लिफ्टच नाही तर तुमचा तो ३३ तासांचा हिशेब कुठं राहिला?

डेकवरून

हा मुद्दा बिनतोड आहे. मोटारींचं मान्य. आता ९०० मोटारी उतरवायला ड्रायव्हर किती लागतात आणि ते बोटीत परत कशाने जातात, विचारा.

उरणकर

व्हॅनने. दहा-दहा जण कोंबून. दिवसभर तेच.